उद्यमनगर ते शिरोली: दोन राउटरमागची नेटवर्क व्हीपीएनने जोडताना

मामांचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. तिथं जागा पुरेना म्हणून घेतलेलं दुसरं युनिट शिरोली एमआयडीसीत. टॅलीचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर उद्यमनगरात, तर मालाची आवक-जावक, हजेरीचं बोटाचं मशीन आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर शिरोलीत. मध्ये पंचगंगा. "शिरोलीत काय आलं नि काय गेलं बघायला रोज पूल ओलांडायला लागतोय लेका. एवढा कॉम्प्युटर शिकलास, कायतरी कर की," असं मामा म्हणाले आणि मी "येत्या रविवारी करून टाकतो" म्हणून बसलो.

तीन रविवार गेले. त्यातली जेमतेम वीस मिनिटं व्हीपीएनला, म्हणजे इंटरनेटमधून दोन नेटवर्कांमध्ये खासगी बोगदा काढायला, लागली. बाकीचा वेळ पत्ते बदलण्यात आणि पाकिटांचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचा) परतीचा रस्ता शोधण्यात गेला, म्हणून या लेखातही जागा त्या दोन गोष्टींनाच जास्त दिली आहे. व्हीपीएनची आज्ञावली कुठंही मिळते. अडायला होतं ते भलतीकडेच.

एक सूचना आधीच. इथे आयपी पत्ते आणि कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. यंत्रात टाइप करताना इंग्रजी अक्षरं नि इंग्रजी आकडेच वापरायचे.

नेमकं करायचं काय

उद्यमनगरात "तीन नंबरच्या गाळ्यावर दे" म्हटलं की पोरगं बरोबर पोचतं. पण पुण्याहून येणाऱ्या पार्सलवर नुसतं "तीन नंबरचा गाळा" लिहून भागत नाही, कारण तीन नंबरचे गाळे गावोगाव आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे असले गाळा नंबर. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराला ठेवलेत. इंटरनेटवर ते चालत नाहीत. राउटर आतल्या सगळ्यांच्या वतीने आपला एकच बाहेरचा पत्ता लावून बोलतो. म्हणून आतून बाहेर जाता येतं, बाहेरून थेट आत येता येत नाही.

दोन ठिकाणची नेटवर्क व्हीपीएनने जोडायची म्हणजे दोन्हीकडे एकेक यंत्र बसवायचं. उद्यमनगरातलं यंत्र शिरोलीच्या गाळा नंबराचं पाकीट घेतं, ते कुलूपबंद करून दुसऱ्या लिफाफ्यात घालतं, लिफाफ्यावर बाहेरचा पत्ता लिहून पाठवतं. पलीकडचं यंत्र लिफाफा उघडून आतलं पाकीट नेमक्या गाळ्यावर टाकतं. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांना, प्रिंटरला, रेकॉर्डरला यातलं काही माहीत असायची गरज नाही. मोबाइलवर ॲप टाकून "अमेरिकेत आहे" असं दाखवणारं व्हीपीएन ते हे नव्हे. व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकांची माहिती ठेवावी असे निर्देश सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढले, तेव्हा बरेच जण घाबरले होते. ते निर्देश लोकांना व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांसाठी आहेत. कंपनीने आपल्या शाखा जोडायला वापरलेलं व्हीपीएन त्यात येत नाही.

सामान

मी वायरगार्ड वापरलं. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून ते लिनक्सच्या आतच असतं. ओपनव्हीपीएन आणि आयपीसेकही हेच काम करतात, पण नवख्या माणसाला त्यांच्या सेटिंगचं जंगल बघूनच घाम फुटतो. वायरगार्डची फाइल दहा-बारा ओळींची.

तुमचा राउटर मायक्रोटिकचा असेल आणि त्यावर राउटरओएस ७ असेल, किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल, तर वायरगार्ड थेट राउटरवरच बसवा. माझा आग्रहच आहे, कारण खाली परतीच्या रस्त्याचं जे रडगाणं आहे ते त्यात मुळातच उद्भवत नाही. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी इंटरनेटवाल्याने दिलेला फायबरचा डबा होता. तो बदलायला मनाई, आणि त्यात वायरगार्ड नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर (पुढे नुसता 'पाय'), वायरने डब्याला जोडलेला. जुना कॉम्प्युटरही चालतो, फक्त तो दिवसरात्र चालू ठेवायची तयारी हवी. वायफायवर मात्र हे यंत्र ठेवू नका. वर्कशॉपात एकीकडे वेल्डिंग, दुसरीकडे पत्र्याच्या भिंती. वायफाय कधी रुसेल सांगता येत नाही.

पहिलं काम कागदावर

दोन्ही ठिकाणी राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. बहुतेक डबे तसेच येतात. दोन्हीकडे एकाच मालिकेचे पत्ते असतील तर व्हीपीएन कितीही चांगलं करा, पाकीट पलीकडे जाणारच नाही. उद्यमनगरातल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५० हवा असेल तर तो म्हणणार, हा तर माझ्याच गल्लीतला, आणि शेजारीच शोधत बसणार. मी पहिला रविवार इथेच घालवला, कारण "पत्ते नंतर बघू" म्हणून आधी वायरगार्ड बसवलं.

तेव्हा कागद घ्या आणि लिहा:

उद्यमनगर: नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४, राउटर १९२.१६८.१०.१, पाय १९२.१६८.१०.२
शिरोली: नेटवर्क १९२.१६८.२०.०/२४, राउटर १९२.१६८.२०.१, पाय १९२.१६८.२०.२
बोगदा: उद्यमनगरचं टोक १०.७७.०.१, शिरोलीचं टोक १०.७७.०.२

/२४ म्हणजे पहिले तीन आकडे नेटवर्कचे आणि शेवटचा यंत्राचा. राउटरच्या पानावर हेच २५५.२५५.२५५.० असं दिसतं. बोगद्याचे पत्ते तिसऱ्याच मालिकेतले हवेत. एकाच ठिकाणचे पत्ते बदलले तरी काम भागतं, पण मी दोन्ही बदलले. उद्या कुणी घरून लॅपटॉपने जोडायचं म्हटलं की घरचा राउटर पुन्हा १९२.१६८.१.१ च निघतो.

पत्ता बदलायची जागा राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये. राउटरचा पत्ता बदला, सोबत डीएचसीपीची (यंत्रांना आपोआप पत्ते वाटण्याची) हद्द १०० ते २०० अशी ठेवा म्हणजे खालचे आकडे पाय, प्रिंटर वगैरेंना मोकळे राहतात. सेव्ह केलं की राउटर नव्या पत्त्यावर जातो आणि तुमचं पान तिथंच अडकतं. घाबरू नका, वायर काढून घाला आणि नवा पत्ता उघडा. हे काम त्या जागेवर बसूनच करायचं, लांबून नाही.

ज्या यंत्रांना पत्ता हाताने घातलेला असतो ती मात्र जुन्याच पत्त्याला धरून बसतात. प्रिंटर आणि रेकॉर्डर मला आठवले. हजेरीचं मशीन नाही आठवलं. सोमवारी सकाळी पंचिंगचा डेटा कॉम्प्युटरवर येईना, आणि सुपरवायझरनं मामांना फोन केला. मशीनच्या इवल्याशा बटणांवर आयपी, मास्क आणि गेटवे बदलताना जो वेळ गेला तो वेगळाच. पत्ते बदलण्याआधी दोन्हीकडच्या सगळ्या वायरी मोजा. प्रत्येक वायरीच्या टोकाला काय आहे ते लिहा.

बाहेरून आत यायला दार आहे का

दोनांपैकी एका ठिकाणी तरी बाहेरून पोचता येणारा सार्वजनिक पत्ता हवा. दोन्हीकडे असण्याची गरज नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधून येणारा आकडा बघा. दोन्ही सारखे, तर दार तुमचं.

वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल तर इंटरनेटवाल्याने अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. चाळीला मिळून एकच पत्रपेटी, आणि तिची किल्ली तुमच्याकडे नाही. तुमच्या राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचे नंबर घातलेले दरवाजे) कितीही उघडा, उपयोग शून्य. वॅनचा आकडा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर आधी बघा, तुमच्याच जागेत दोन राउटर एकामागे एक लागलेत का. फायबरचा डबा आणि त्याच्यामागे दुकानातून आणलेला वायफाय राउटर, असं सर्रास असतं. तसं असेल तर डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या (मग तो राउटरचं काम सोडून नुसता मधला दुवा राहतो) किंवा दोन्हीवर पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे त्या पोर्टवर बाहेरून आलेलं आतल्या ठरलेल्या यंत्राकडे जाईल.

चाळीची पत्रपेटी दोन्हीकडे निघाली तर सरळ मार्ग म्हणजे इंटरनेटवाल्याकडून एका जागी स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागणे. ते नको असेल तर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरात छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही पाय त्याला जोडता येतात. तिसरा मार्ग टेलस्केलसारख्या सेवेचा; ती आतून वायरगार्डच वापरते आणि राउटरच्या अडचणीतून स्वतःच वाट काढते. घाई असेल तर तेही वाईट नाही. पण कागदावरचे पत्ते वेगळे करण्याचं काम त्यातही चुकत नाही.

आमच्या नशिबानं उद्यमनगरात सार्वजनिक पत्ता होता, पण बदलता. डबा बंद होऊन चालू झाला की नवा आकडा. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस: डकडीएनएससारख्या फुकट सेवेवर एक नाव घ्यायचं, आणि उद्यमनगरातला पाय दर पाच मिनिटांनी त्या नावाला सध्याचा आकडा कळवत राहतो.

आता उद्यमनगरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड. काही डब्यांत याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. यूडीपी, पोर्ट ५१८२०, आतला पत्ता १९२.१६८.१०.२. यूडीपी आणि टीसीपी या पाकिटं पाठवायच्या दोन पद्धती; टीसीपी निवडलंत तर काही होणार नाही. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालतं. शिरोलीच्या राउटरवर काहीच उघडायचं नाही. तिथला पाय आतून बाहेर हाक मारणार आहे.

पोर्ट उघडलं का हे तपासायला वेबसाइट असतात, त्यांच्या नादाला लागू नका. त्यातल्या बहुतेक टीसीपी तपासतात. शिवाय ओळखीची किल्ली नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड उत्तरच देत नाही, दाराआड गप्प उभं राहतं. वेबसाइट "बंद" म्हणते आणि तुम्ही चांगलं चाललेलं सेटिंग उसवता.

किल्ल्या आणि फाइल

दोन्ही पायवर वायरगार्ड बसवा. डेबियनच्या घराण्यातल्या लिनक्सवर "सुडो एपीटी इन्स्टॉल वायरगार्ड" एवढंच. मग "डब्ल्यूजी जेनकी" ने खासगी किल्ली बनवा आणि ती "डब्ल्यूजी पबकी" ला दिली की त्यातून सार्वजनिक किल्ली निघते. खासगी किल्ली ज्या यंत्रावर बनली तिथून हलवायची नाही. ना व्हॉट्सॲपवर, ना मेलवर. सार्वजनिक किल्ली खुशाल पाठवा, पण पाठवाच, फोनवर वाचून दाखवू नका. ४४ अक्षरांत मोठं आय, छोटं एल आणि एकचा आकडा कुठं गल्लत करतील सांगता येत नाही. शेवटचं बरोबरचं चिन्हही किल्लीचाच भाग आहे. कॉपी करताना ते हमखास सुटतं.

आता ईटीसीखालच्या वायरगार्ड फोल्डरात "डब्ल्यूजी०.कॉन्फ" नावाची फाइल. उद्यमनगरात अशी:

[इंटरफेस]
ॲड्रेस = १०.७७.०.१/२४
लिसनपोर्ट = ५१८२०
प्रायव्हेटकी = उद्यमनगरची खासगी किल्ली

[पीअर]
पब्लिककी = शिरोलीची सार्वजनिक किल्ली
अलाउडआयपीज = १०.७७.०.२/३२, १९२.१६८.२०.०/२४

आणि शिरोलीत:

[इंटरफेस]
ॲड्रेस = १०.७७.०.२/२४
प्रायव्हेटकी = शिरोलीची खासगी किल्ली

[पीअर]
पब्लिककी = उद्यमनगरची सार्वजनिक किल्ली
एंडपॉइंट = डकडीएनएसवरचं नाव:५१८२०
अलाउडआयपीज = १०.७७.०.१/३२, १९२.१६८.१०.०/२४
पर्सिस्टंटकीपअलाइव्ह = २५

पीअर म्हणजे बोगद्याचं पलीकडचं टोक, आणि /३२ म्हणजे एकच यंत्र. अलाउडआयपीज ही ओळ नावामुळे फसवते. "कुणाला परवानगी" एवढाच तिचा अर्थ नाही. जाताना ती रस्ता ठरवते: या पत्त्यांची पाकिटं या पीअरकडे टाक. येताना ती पहारा करते: या पीअरकडून याच पत्त्यांची पाकिटं घे, बाकी फेकून दे. म्हणून तिथं नेहमी पलीकडचं नेटवर्क येतं, आपलं कधीच नाही. आणि इंटरनेटवरच्या नमुन्यातून उचललेलं ०.०.०.०/० तिथं राहू देऊ नका. त्याचा अर्थ होतो, जगातलं सगळं त्या बोगद्यातून जाऊ दे.

शेवटच्या ओळीतले २५ म्हणजे सेकंद. शिरोलीचा पाय दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट टाकत राहतो. ते नसेल तर मधला राउटर थोड्या वेळात हे संभाषण विसरून जातो आणि उद्यमनगरहून शिरोलीला हाक मारता येत नाही.

फाइल झाली की दोन्हीकडे "डब्ल्यूजी-क्विक अप डब्ल्यूजी०", आणि मग "डब्ल्यूजी शो". तिथं "लेटेस्ट हँडशेक" (दोन टोकांची ओळख पटल्याची वेळ) अशी ओळ दिसली की बोगदा लागला. दिसत नसेल तर चूक किल्ली, पोर्ट फॉरवर्ड किंवा डकडीएनएसचं नाव या तिघांतच आहे. दुसरीकडे शोधू नका. शिरोलीला जाणं होत नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून बाहेरून तपासता येतं, पण त्या लॅपटॉपला वेगळी किल्ली आणि वेगळा पीअर द्या. उद्यमनगरच्याच वायफायवर बसून स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याला हाक मारू नका. पुष्कळ राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळू देत नाहीत.

यंत्र बंद-चालू झाल्यावर आपोआप लागण्यासाठी "सिस्टमसीटीएल इनेबल डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०".

परतीचा रस्ता

हँडशेक दिसला, एका पायवरून दुसऱ्याला पिंग (आहेस का, असं विचारणारं पाकीट) गेलं, मी मामांना फोन करून "झालं" म्हणालो. मग शिरोलीच्या कॉम्प्युटरवरून टॅलीच्या कॉम्प्युटरला पिंग केलं आणि पडद्यावर "रिक्वेस्ट टाइम्ड आउट".

पहिलं कारण: लिनक्स दुसऱ्याची पाकिटं पुढे ढकलत नाही, त्याला तसं सांगावं लागतं. दोन्ही पायवर "नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड" ची किंमत १ करा, आणि ती सिसीटीएलच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर वीज गेली की पुन्हा ० होते. पायवर डॉकर बसवलं असेल तर ते फॉरवर्डिंगची फायरवॉल बंद करून ठेवतं, तिथं वेगळी परवानगी द्यावी लागते.

दुसरं कारण खरं. शिरोलीचं पाकीट टॅलीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत होतं. उत्तर द्यायची वेळ आली की तो कॉम्प्युटर विचार करतो, १९२.१६८.२०.५० हा काही माझ्या गल्लीतला नाही, मग द्या राउटरकडे. राउटरला शिरोलीचं काही माहीत नाही. तो ते पाकीट इंटरनेटवाल्याच्या दिशेने भिरकावून देतो आणि ते तिथंच मरतं. पाय शेजारी बसून वाट बघतोय, त्याच्याकडे कुणी येतच नाही. जाण्याचा रस्ता आपण फाइलमध्ये लिहिला. परतीचा कुणी लिहिलाच नाही.

तो राउटरवर लिहायचा. उद्यमनगरच्या राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला रस्ता): नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१०.२. शिरोलीच्या राउटरवर उलटं: १९२.१६८.१०.० साठी गेटवे १९२.१६८.२०.२. जमलं तर बोगद्याच्या १०.७७.०.० साठीही तीच ओळ घाला. शिरोलीच्या पायवरून पिंग केलं तर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.७७.०.२ असा पडतो, आणि त्याचं उत्तर पुन्हा हरवतं. मग चाललेलं सेटिंगही बिघडलेलं वाटतं.

आमच्या उद्यमनगरच्या डब्यात स्टॅटिक रूटचं पानच नव्हतं. मग तिथल्या तीन विंडोज कॉम्प्युटरांवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एकेक ओळ घातली: "रूट -पी ॲड १९२.१६८.२०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.२". -पी विसरू नका, नाहीतर रीस्टार्ट केलं की ओळ गेली.

शिरोलीच्या राउटरवर स्टॅटिक रूट बसला, पिंगही चाललं, आणि तरी रिमोट डेस्कटॉप (पलीकडच्या कॉम्प्युटरचा पडदा इथे उघडणं) काही लागेना. यात माझा दुसरा रविवार गेला. कॉम्प्युटरचं पाकीट राउटरकडून पायकडे जात होतं, पण उत्तर येताना पाय ते थेट कॉम्प्युटरला देत होता, कारण दोघं एकाच गल्लीत. राउटरला संभाषणाची एकच बाजू ऐकू येत होती. काही राउटर असल्या अर्धवट टीसीपी संभाषणाला संशयित समजून पुढची पाकिटं टाकून देतात. पिंगला ही अडचण येत नाही, म्हणून पिंग चालतं आणि बाकी लटकतं. उपाय तोच: त्या कॉम्प्युटरवरही रूटची ओळ.

रेकॉर्डरवर आणि हजेरीच्या मशीनवर अशी ओळ घालता येत नाही. तिथं शिरोलीच्या पायवर मास्करेड लावला: उद्यमनगरहून आलेलं पाकीट गल्लीत सोडताना पाय त्यावर स्वतःचाच पत्ता घालतो. रेकॉर्डरला वाटतं शेजारचा पाय बोलतोय, तो उत्तर त्यालाच देतो. तोटा एवढाच की रेकॉर्डरच्या नोंदीत कोण आलं होतं हे कळत नाही. सगळे पायच दिसतात. आम्हाला चालतं. मामांनी नोंदी कधी उघडलेल्या नाहीत.

अडलं तर या क्रमाने बघा

शिरोलीच्या पायवरून आधी १०.७७.०.१ ला पिंग. मग १९२.१६८.१०.२. मग टॅलीच्या कॉम्प्युटरला. शेवटी शिरोलीच्या कॉम्प्युटरवरून टॅलीच्या कॉम्प्युटरला. पहिल्या दोहोंत अडलं तर वायरगार्डची फाइल, पुढे अडलं तर रूट. एकदम टोकाचं पिंग करून डोकं धरून बसण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या पायरीवर एक खोटी भीती असते. विंडोजची फायरवॉल दुसऱ्या नेटवर्कवरून आलेलं पिंग बहुधा अडवते, म्हणजे रस्ता नीट असूनही उत्तर येत नाही. राउटरवर स्टॅटिक रूट असेल तर प्रिंटरला पिंग करून बघा. तो असले नखरे करत नाही. शेअर केलेल्या फोल्डरांचंही तसंच: फायरवॉलच्या नियमात "लोकल सबनेट" लिहिलेलं असतं, तिथं १९२.१६८.२०.०/२४ जोडावं लागतं. आणि नेटवर्कच्या यादीत पलीकडचे कॉम्प्युटर दिसणार नाहीत, कारण ती यादी गल्लीत ओरडून बनते आणि ओरडणं बोगद्यापलीकडे जात नाही. आयपी टाकून उघडा.

पिंग चालतं, लॉगिनचं पान अर्धं येतं आणि तिथंच गोठतं, असं झालं तर पाकिटाचा आकार बघा. वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) सहसा १४२० असतो. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लागणाऱ्या) जोडणीत बाहेरची जागाच १४९२ असते, त्यात तो बसेलच असं नाही. दोन्ही फाइलींत इंटरफेसखाली "एमटीयू = १३८०" लिहून बघा.

तिसरा रविवार

आठ दिवस छान चाललं. मग उद्यमनगरात वीज गेली, आली, आणि बोगदा बंद तो बंदच. डब्याला नवा पत्ता मिळाला होता, डकडीएनएसवर तो पोचलाही होता, पण शिरोलीचा पाय जुन्याच पत्त्याला पाकिटं टाकत होता. वायरगार्ड नावाचा पत्ता सुरू होताना एकदाच विचारतं. वायरगार्डच्या साधनांसोबत "रीरिझॉल्व्ह-डीएनएस" नावाची छोटी स्क्रिप्ट येते. ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) दर मिनिटाला चालवली की हे दुखणं गेलं. ओपनडब्ल्यूआरटीवर यासाठी वॉचडॉग आहे.

विजेचा आणखी एक खेळ. पाय बंद पडला की त्याचं घड्याळ मागे राहतं, आणि हँडशेकमधली वेळ आधीच्यापेक्षा जुनी असेल तर पलीकडचं टोक त्याला ओळख देत नाही. इंटरनेटवरून घड्याळ लागलं की आपोआप सुरळीत होतं. तेव्हा वीज आल्यावर दोन-चार मिनिटं थांबा, लगेच सेटिंगला हात घालू नका. डबा आणि पाय दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवले तर हे प्रश्न येतच नाहीत. मेमरी कार्डही वाचतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. तशी वेळ पुन्हा आली, वीज आणि फायबर टिकले तर निदान कागद तरी पूल ओलांडतील.

आता यावरून काय चालवायचं

टॅलीचा, किंवा कुठल्याही हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा शेअर फोल्डरमधून पलीकडून उघडू नका. फाइलचे शेकडो तुकडे मागे-पुढे जातात आणि प्रत्येक तुकडा नदी ओलांडून येतो. रिमोट डेस्कटॉप वापरा. डेटा जागेवर राहतो, फक्त पडदा पलीकडे दिसतो. मात्र रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट राउटरवर थेट उघडायचं नाही. ते उघडं ठेवलेले कॉम्प्युटर शोधत फिरणारे कमी नाहीत, आणि त्यासाठीच तर हा बोगदा खणला.

कॅमेऱ्यांना शिरोलीचा अपलोड वेग लागतो, उद्यमनगरचा डाउनलोड नव्हे. एका कॅमेऱ्याचं पूर्ण चित्र ४ एमबीपीएस धरलं तर आठ कॅमेऱ्यांना ३२ लागतात. मामांच्या टीव्हीवर आठही एकदम लावायचे म्हणून मी रेकॉर्डरची सबस्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं कमी स्पष्ट, हलकं चित्र) लावली. चेहरे जरा धुरकट दिसतात, पण टेम्पो आला की गेला हे कळतं.

बोगद्यातून काम जातं तसा व्हायरसही जातो. शिरोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याला वायफायचा पासवर्ड देत असाल तर तो पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायचा द्या. शिवाय उद्यमनगरच्या पायवर शिरोलीहून फक्त टॅलीच्या कॉम्प्युटरपर्यंत आणि प्रिंटरपर्यंतच जाऊ देणारा नियम लावा. पाय चोरीला गेला तर पलीकडच्या फाइलमधून त्याचा पीअर काढला की किल्ली निकामी.

मामांनी आता गोकुळ शिरगावला एक गाळा बघितलाय. कागदावर त्याची ओळ आधीच लिहिली आहे: १९२.१६८.३०.०/२४, बोगद्याचं टोक १०.७७.०.३. उद्यमनगरच्या फाइलमध्ये नवा पीअर येईल. शिरोलीच्या फाइलमध्ये मात्र नवा पीअर नको. उद्यमनगरच्या पीअरखालच्या अलाउडआयपीजमध्येच १०.७७.०.३/३२ आणि १९२.१६८.३०.०/२४ वाढवायचं, म्हणजे शिरोलीहून गोकुळ शिरगावची पाकिटं उद्यमनगरमार्गे जातील. आणि रूटच्या ओळी या खेपेला तिन्हीकडे.